वीजबिलावर अजून आजोबाच होते

मे महिन्यात बिल साडेतीन हजारांवर गेलं आणि सोलर बसवायचं नक्की झालं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. कोटेशन १,९५,०००. मी वजाबाकी करून घरात जाहीर केलं, "एक लाख सतरा हजारांत काम होतंय."

कुठलं काय!

पहिली ठेच अर्ज भरतानाच लागली. बिल आजोबांच्या नावावर आणि ते जाऊन अकरा वर्षं झालेली. आधी कनेक्शन बाबांच्या नावावर करणं आलं. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, काका आणि आत्याचं ना-हरकत पत्र. आत्या सहीसाठी बेळगावहून कराडला आली. "दादांचं नाव आता कुठंच नको का?" म्हणाली, आणि सही केली. बाबा दोन दिवस गप्पच होते. या सगळ्यात दीड महिना गेला.

मग गच्ची. कोपऱ्यातली ओल आम्ही वर्षानुवर्षं चुना मारून झाकत होतो. पण एकदा पॅनलचा सांगाडा उभा राहिला की वॉटरप्रूफिंगसाठी तो पुन्हा उतरवा. म्हणून ते आधीच उरकलं, ३८,०००. त्यात आईची अट, पापड-कुरडयांना गच्ची मोकळी हवी. म्हणजे उंच सांगाडा, वर २२,०००. याला वेगळं अनुदान नाही. पाण्याची टाकीही सरकवली. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांना फटका बसतो.

एक जण पंचवीस हजारांनी स्वस्त देत होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पॅनलमधले वीज तयार करणारे सेल परदेशी. अनुदानाला भारतीय बनावटीचेच सेल लागतात. वाचलो.

अनुदान मिळतं ते नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, बसून वीज सुरू झाल्यावर. तोवर पैसे आपलेच. बँका यासाठी कर्ज देतात, पण बाबांना कर्ज या शब्दाचीच ॲलर्जी, म्हणून आईची पतसंस्थेतली ठेव मोडली. हिशेब केला तर एक लाख सतराचे एक लाख सत्त्याहत्तर झाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट मिळाले आणि बिलात स्थिर आकार तेवढा उरला. जुलैत पाऊस लागला तसे ते पाचावर आले. पॅनल धुवायचं काम माझ्याकडे आहे. कबुतरांचा हिशेब कोटेशनमध्ये कुणीच धरला नव्हता.