क्यूमधलं पोळं आणि कुरणातल्या रानमाश्या

लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात बहुतेक जण काचगृहं बघायला येतात. मी गेलो ते 'द हाइव्ह'साठी, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यावर बेतलेल्या शिल्पासाठी. वुल्फगँग बट्रेस या कलाकारानं २०१५च्या मिलान एक्स्पो या जागतिक प्रदर्शनातल्या ब्रिटिश दालनासाठी केलेलं हे शिल्प २०१६ मध्ये इथे येऊन उभं राहिलं. १७ मीटर उंच, अ‍ॅल्युमिनियमची जाळीच जाळी आणि आत सुमारे हजार दिवे. बागेतल्याच एका खऱ्या पोळ्यात कंपनं टिपणारं यंत्र बसवलंय. तिथली लगबग वाढली की इथले दिवे उजळतात, आवाज चढतो.

सगळ्यात भारी प्रकार खालच्या बाजूला आहे. लाकडाची पातळ काडी दातांत धरायची आणि तिचं टोक खांबावरच्या खाचेत टेकवायचं. कानात काहीच येत नाही, पण जबडा झणझणतो आणि राणीमाश्यांची टुरटुर थेट कवटीत ऐकू येते. शेजारचे आजोबा काडी सोडायलाच तयार नव्हते.

पण हे सगळं कौतुक पाळीव मधमाशीचं. ब्रिटनमध्ये मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्यांच्या सुमारे २७० जाती आहेत आणि पेटीत पाळतात ती त्यांतली एकच. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात, कितीतरी जमिनीत बीळ करून. शहरात पेट्या बेसुमार वाढल्या तर या रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो, असं क्यूच्याच २०२०च्या अहवालात म्हटलंय!

म्हणून मला शिल्पापेक्षा त्याच्याभोवतीचं स्थानिक रानफुलांचं कुरण जास्त मोलाचं वाटलं. वाटेच्या कडेला उकिडवा बसलो. नॅपवीड या रानफुलाच्या जांभळ्या गोंड्यावर एक बंबलबी, म्हणजे गुबगुबीत केसाळ रानमाशी, लोळत होती. अंग काळं मखमली, बुडाशी विटकरी लाल, मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे. माणसं माझ्या डोक्यावरून जाळीचे फोटो काढत होती.

असं कुरण राखणं म्हणजे नुसतं बी फेकणं नव्हे. माती निकस लागते. खत पडलं की गवत माजतं आणि फुलं दबतात. म्हणून बी पडल्यावर उन्हाळा सरता सरता कापणी करायची आणि कापलेलं गवत उचलून न्यायचं, नाहीतर तेच कुजून खत होतं.

जाणार असाल तर जून-जुलैत, ऊन असेल त्या दिवशी जा. ढगाळ हवेत दिवे दिसतील, माश्या फारशा दिसणार नाहीत.