तुम्ही विचारलंत म्हणून: साहेबांना आधी कळत कसं नाही?

आयुष्यभर खानापूर-बेळगावात अर्थशास्त्र शिकवलं. त्यामुळे जुने विद्यार्थी भेटले की हमखास विचारतात, "सर, बँका बुडतात, वीज संपते, आणि वरच्या साहेबांना आधी पत्ताच नसतो. असं कसं?"

पत्ता असतो. मला राग येतो तो त्याचाच.

२०२३ आठवा. जूनमध्ये कर्नाटकात सरासरीच्या निम्माही पाऊस झाला नाही, ऑगस्टही कोरडा गेला. मलप्रभा नदी उगम पावते त्या कणकुंबीत पाऊस नाही म्हटल्यावर नदीचं काय होणार, हे आमच्या तालुक्यातल्या पोरालाही कळतं. शरावती-काळी नद्यांवरच्या धरणांत पाणी कमी म्हणजे जलविद्युत कमी. आणि पाऊस नाही म्हणून पंपसेट लवकर सुरू, म्हणजे मागणी जास्त. हा हिशोब ऑगस्टअखेर कुणालाही मांडता आला असता. तरी खासगी प्रकल्पांनी राज्यालाच वीज द्यावी म्हणून वीज कायद्याचं कलम ११ लावलं गेलं ते ऑक्टोबरात, शेतीची थ्री फेज लाइन कमी करायची वेळ आल्यावर. आपल्याकडचे साखर कारखानेही वीज करतात, पण गाळप सुरू होतं दिवाळीच्या आसपास. बगॅसच (उसाचा चोथा) नाही तर टर्बाइन फिरणार कशावर? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीवाल्याला विचारा, भट्टीत लोखंड पातळ असताना करंट गेला की काय होतं. ते आतच थिजतं, आणि भट्टी फोडून काढावं लागतं.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २०११ च्या फेब्रुवारीत थंडीनं वीजकेंद्रं बंद पडली. यंत्रं थंडीला तोंड देतील अशी करा, असं चौकशी अहवालात लिहून दिलं होतं. सक्ती कुणी केली नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच झालं, आणि दोनशेहून जास्त माणसं गेली.

पैशांच्या बाजारातही तेच. अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी २००५ मध्ये अमेरिकेत जॅक्सन होलला भरणाऱ्या केंद्रीय बँकांच्या परिषदेत बँकांच्या दडलेल्या जोखमीबद्दल सावध केलं, तर तिथंच त्यांना प्रगतिविरोधी ठरवलं गेलं. तीन वर्षांनी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडाली.

कळत असूनही कुणी हलत नाही, याचं कारण मला तरी एकच दिसतं. ऑगस्टमध्ये महाग वीज घेऊन ठेवली आणि सप्टेंबरात धो-धो पाऊस आला, तर ऑडिटवाले त्या अधिकाऱ्याला धरतात. गप्प बसला आणि अंधार झाला, तर 'अनपेक्षित परिस्थिती' म्हणून तो सुटतो. बोलणाऱ्याला शिक्षा आणि गप्प बसणाऱ्याला बढती असेल, तर पुढं होऊन बोलणार कोण?

म्हणून माझी मागणी आहे: दर ३१ ऑगस्टला धरणांतलं पाणी, कोळशाचा साठा आणि उन्हाळ्यापर्यंतच्या मागणीचा अंदाज अधिकाऱ्याच्या सहीनं कन्नड-मराठी दोन्ही पेपरांत छापून यावा. अंदाज चुकला म्हणून कुणाला धरू नये. छापलाच नाही, तर मात्र धरावं.