माऊस, पत्ते आणि लोडशेडिंग

आज सातबारा काढायला दारव्ह्याला गेलो. सर्व्हर बंद, म्हणून काउंटरवरचं पोट्टं गप्पा मारत बसलं. "काका, तुमी कम्प्युटर कुठी शिकले जी?"

२००५. एमएस-सीआयटी हा कम्प्युटरचा कोर्स निघून चारच वर्षं झालेली. बाबानं कापूस विकून फी भरली. चपला दाराबाहेर, एका मशीनवर तिघं. माऊस धरायला शिकलो ते सॉलिटेअरचे पत्ते ओढून! हात टेबलाच्या कडेला पोचला की मी थांबायचो. माऊस उचलून परत मधात ठेवता येतो हे कोणी सांगतलंच नव्हतं. अर्ज टाईप होत आला की लोडशेडिंग, पडदा काळा. अजूनही दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबून सेव्ह करतो.

पोट्टं हसलं. त्यानं म्हणे सगळं मोबाईलवरच शिकलं.

सातबारा? उद्या या म्हणे.