महिनाअखेरचं मीठ

२४ मार्च

ह्यांचं बीपी १५४/९८ निघालं. दवाखान्याच्या कागदावर कोपऱ्यात ह्यांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटलाय. सध्या हळदीचा हंगाम. मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे जोरात चाललेत आणि हे अडत दुकानात पोत्यांची वजनं लिहीत बसतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या असतात. नवऱ्या मुलाला हळद लागावी तसं रोजचंच, पण चेहरा मात्र उतरलेला.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, मीठ कमी करा. किती कमी? तर माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा, तोही सपाट. त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड, बाहेरचं, सगळं आलं. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, एवढं तर आमच्या नुसत्या कणकेत जातं.

दुकानात कमी सोडियमचं मीठ बघितलं होतं, साध्याच्या दुपटीहून महाग. तरी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते नको. त्यात सोडियमच्या जागी थोडं पोटॅशियम घातलेलं असतं. ह्या गोळीबरोबर ते चालेलच असं नाही. आणि तुमच्या सासूबाईंचं किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वर आहे ना? मग तर घरात आणूच नका." बरं झालं विचारलं. पैसेही वाचले.

२७ मार्च

आज एक उद्योग केला. सकाळी ओट्यावर एक रिकामी वाटी ठेवली. स्वयंपाकात जेवढं मीठ टाकेन तेवढंच दुसऱ्यांदा वाटीत. कणकेत चमचा, वाटीत चमचा. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, आमटीत तीन बोटांची चिमूट टाकली की मी म्हणायचे, "आत्या, तेवढीच आणखी एक ह्यात टाका." त्यांना वाटलं मी कसला तरी उतारा काढतेय.

संध्याकाळी वाटी घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात निघाले तर आत्यांनी दारातच अडवलं. "तिन्हीसांजंचं मीठ घराभायेर न्हेऊ ने. लक्ष्मी जाती." मुकाट्यानं परत फिरले.

२८ मार्च

सकाळी वजन केलं. दुकानदार हसायला लागला, "वहिनी, मीठ विकायला आणलंय व्हय?" काट्यावर आकडा आला ५२. पाच माणसं आम्ही. माणशी दहा ग्रॅमच्या वर. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुप्पट, आणि ह्यात लोणचं नाही, संध्याकाळचं भडंग नाही, धाकट्याची बेकरीतली खारी नाही.

सरळ हिशोब आहे. एक किलोची पिशवी आमच्याकडे वीस दिवसांत संपायला पाहिजे, आणि संपतेही तशीच. इतकी वर्षं यादीत डोळे झाकून "मीठ २" लिहीत आले. मिठाला कोण विचारतं? तीस रुपयांच्या आतली वस्तू. तेलाचा भाव तोंडपाठ, डाळीचा तोंडपाठ, मिठाचा मला आज दुकानदाराला विचारावा लागला.

३० मार्च

घरात चटणीवरून वाजलं.

चटणी म्हणजे आमची वर्षाची कांदा-लसूण चटणी. दर उन्हाळ्यात डंकावर जाऊन कुटून आणतो. तीन किलो मिरची, त्यात संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला, धणे, खोबरं, तीळ, तळलेला कांदा, लसूण, आणि एक किलो खडे मीठ. ह्या वर्षीच्या मिरच्या गच्चीवर वाळत पडल्यात. मी म्हटलं, "आत्या, एवढं मीठ चटणीत. वर आमटीत वेगळं घालतो. ह्यावेळी मीठ न घालता कुटूया."

झालं! "लोणा लागंल चटणीला. जाळी धरंल. कांदा-लसणाला मीठ न्हाई तर ती टिकंल व्हय? मिरचीचा भाव बघितलास का?" मग सासऱ्यांची आठवण, मग त्यांच्या आईची, मग माझ्या माहेरची. माझ्या माहेरी मीठ कमी खातात असं आत्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे, आणि त्यांच्या मते त्यामुळेच आम्ही सगळे किडकिडीत.

मोठीनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. एक किलो मीठ भागिले ३६५ दिवस, म्हणजे दिवसाला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. भागिले पाच माणसं. अर्धा ग्रॅम! मी तिच्या हातातून पेन घेऊन पुन्हा भागाकार केला. तोच आकडा. चार दिवस जिच्यावर डोळा ठेवला ती चटणी निर्दोष निघाली.

आत्या काही बोलल्या नाहीत. फक्त दुपारी जेवताना भाकरीवर चटणी घेतली, तेलाची धार सोडली आणि माझ्याकडे बघून सावकाश चोळली.

९ एप्रिल

पगार ५ तारखेला झाला, किराणा भरला. आज मिठाची नवी पिशवी फोडली आणि तिच्यावर बॉलपेननं तारीख टाकली. सहज म्हणून काल पुन्हा वाटीचा उद्योग केला होता. ४२ ग्रॅम.

आता ह्यात गंमत अशी की मी अजून काहीच कमी केलेलं नाही. चटणीच्या भांडणात आठवडा गेला, नंतर ब्लाऊजच्या ऑर्डरी, लग्नसराई तोंडावर. स्वयंपाक रोजच्यासारखाच. मग दहा ग्रॅम गेले कुठं?

रात्री मशीनवर बसल्या बसल्या दोन्ही दिवसांचं जेवण आठवलं. २७ मार्चला घरात भाजी नव्हती. तुरीची डाळ दोन मुठी उरलेली, तीच पाच जणांना पुरवायची म्हणून पाणी वाढवलं. आमटी पातळ झाली, चव लागेना, मग मीठ. रात्री पिठलं, तेही पसरट. भाताला चव यावी म्हणून भातात जास्तीचं मीठ. कालचं जेवण बघा: कृष्णाकाठच्या वांग्याची भरली भाजी, घट्ट वरण, काकडीची कोशिंबीर. भाजीला स्वतःचीच चव, तिला मीठ मागावं लागलं नाही.

म्हणजे पैसे संपत येतात तसं आमचं मीठ वाढतं. डाळ कमी पडली की पाणी, पाण्याला चव म्हणून मीठ. भाजी नसली की लोणचं, लोणच्यात पुन्हा मीठच. शेवटच्या आठवड्यात आम्ही मिठावर भाकरी ढकलतो आणि त्याला "आज साधंच केलंय" म्हणतो. लहानपणापासून "मीठ-भाकर खाऊन दिवस काढले" हे ऐकत आले, पण त्यातल्या भाकरीकडेच लक्ष जायचं.

हे आज लिहून ठेवावंसं वाटलं.

१० एप्रिल

कुणाला न सांगता कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद. ज्वारीच्या भाकरीत तर आम्ही कधीच घालत नाही, मग चपातीनं काय पुण्य केलंय? कणकेचा चमचा पाच ग्रॅमचा, भाताचं दोन्ही वेळचं मिळून तेवढंच. दहा ग्रॅम उडाले.

दोन्ही वेळा सगळे मुकाट जेवले. ह्यांनी एक चपाती जास्त घेतली.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी, मुलं घरात. पाच वाजले की ह्यांना चहाबरोबर भडंग लागतं. सांगलीत राहून भडंग सोडा म्हणणं म्हणजे पंढरपुरात राहून देवळात जाऊ नका म्हणण्यासारखं. मोठी शेवेची पुडी हातात घेऊन वाचत बसली होती: १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम. पुडीवर मीठ असं लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. दोन ग्रॅम. पुडी शंभर ग्रॅमचीच होती आणि धाकट्यानं ती एकट्यानं संपवली होती.

मग भडंग घरी केलं. चिरमुरे चाखून बघितले तर ते मुळातच खारट. तांदूळ फुलवायच्या आधीच त्याला मीठ लावलेलं असतं, हे आत्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरच्या गल्लीत भट्टी होती. म्हणजे भडंगात वरून मीठ घालायची गरजच नाही! तेलात शेंगदाणे, ठेचलेला लसूण लालसर होईतो, भरपूर कढीपत्ता, हळद, घरची चटणी, चिमूटभर पिठीसाखर. चटणीत मीठ आहेच. मी हात आवरता घेतला आणि कढई उतरवली.

हे म्हणाले, "लसूण झकास लागलाय." मिठाचं नावही काढलं नाही. मीही नाही.

१८ एप्रिल

सगळंच काही जमत नाही. आज मटकीच्या उसळीत मीठ शेवटी घातलं. शेवटी वरून घातलं की जिभेला आधी लागतं आणि कमी पुरतं, हे वांग्याला, बटाट्याला आजमावलं होतं. पण मटकी आतून अळणी राहिली. धाकट्यानं ताट सरकवलं. ह्यांनी डाव्या हातानं मिठाची बरणी ओढली आणि चांगलं अर्धा चमचा वरून घेतलं. महिन्याभराची माझी वाटी-वजनं त्या अर्ध्या चमच्यात बुडाली. मी काही बोलले असते, पण माणूस दिवसभर पोती मोजून आलेला. बरणी मात्र नंतर वरच्या फळीवर ठेवली. उठून घ्यायचा कंटाळा हाच आमच्या घरात सगळ्यात मोठा वैद्य आहे.

ह्यांचं एक पालुपद: उन्हात एवढा घाम जातो, मीठ नको होय? डॉक्टरांना विचारून झालंय. पाणी प्या, जेवणातलं मीठ पुरतं, म्हणाले.

आत्यांचं वेगळंच. त्या म्हणतात एकादशीचं शेंदेलोण आणून सगळ्यालाच वापरूया, उपासाला चालतं म्हणजे ते औषधीच. पण तेही बहुतेक सगळं सोडियम क्लोराईडच. वर साध्या पिशवीतल्या मिठात आयोडीन असतं, ते ह्यात घातलेलं नसतं. त्यांना एवढंच सांगितलं की महाग आहे. हे कारण आमच्या घरात लगेच पटतं.

२१ एप्रिल

चटणी कुटून आणली. मीठ एक किलोच घातलं. डंकाच्या धुराळ्यात नाकातोंडाला पदर लावून बसलो होतो तेव्हा आत्याच म्हणाल्या, "पावशेर कमी टाकू का?" मी म्हटलं, नको, बरणीला राहू द्या. वर हिंगाचे खडे पुरले, दादरा बांधला.

२८ एप्रिल

महिनाअखेर. ह्या खेपेला मी आधीच घाट घातला होता. पगाराच्या आठवड्यात एक डबा वेगळा भरून माळ्यावर टाकला: अर्धा किलो हुलगे, पावशेर शेंगदाणे, लसणाचे चार गड्डे. चिंच माहेरच्या झाडाची, फुकटची. शंभराच्या आत-बाहेर खर्च आला. तो काढण्यासाठी खारी-टोस्ट आणि शेवेची पुडी यादीतून गेली, धाकटा दोन दिवस फुगून होता.

आज हुलग्याचं कढण केलं. हुलगा भाजून भिजवला, शिजवला, थोडा वाटून पुन्हा पातेल्यात सोडला. तसा तो जात्याच दाट आणि उग्र. लसणाची फोडणी, चिंचेचा कोळ, मूठभर दाण्याचा कूट. घरात भाजी काडीची नव्हती, पण आमटी ताटात पळाली नाही. भाकरी कुस्करून सगळ्यांनी खाल्ली. दारातल्या झाडाची कैरी शेजारणीनं दिली, तिच्या फोडींना नुसती चटणी लावली आणि लोणच्याची बरणी उघडलीच नाही. लिंबू सध्या परवडत नाही, एकेक नग मोजून घ्यावा लागतोय.

वाटी ठेवली होती. ३० ग्रॅम. मागच्या महिनाअखेरीला ५२.

पाच जणांचे २५ अजून लांब आहेत. शेवटचे पाच ग्रॅम निघणार नाहीत असं मला वाटतं, निदान आत्या आमटीला हात लावतायत तोवर तरी नाही.

६ मे

बीपी १३६/८८. गोळीनं का मिठानं, कोण जाणे. डॉक्टर म्हणाले दोन्ही चालू ठेवा.

काल पगार झाला, आज यादी केली. तेल, डाळ, साखर, चहा, साबण. मिठाशी येऊन थांबले. ९ एप्रिलची पिशवी अजून संपलेली नाही, तळाशी दोन मुठी आहे. "मीठ २" च्या जागी "मीठ १" लिहिलं. वाचलेल्या अठ्ठावीस रुपयांत कोथिंबिरीच्या दोन जुड्या येतील, वर आलं.

यादी पूर्ण होतेय तोवर शेजारची मुलगी वाटी घेऊन दारात. "आजी, आईनं थोडं मीठ मागितलंय." बाहेर दिवेलागण झालेली. आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला सकाळी ये म्हणावं." मग जरा थांबून, "आनि सांग तिच्या आईला, आमच्यात आता मीठ मोजून असतंय."