टेक्सासमध्ये गाडीची तपासणी गेली, पण सगळी नाही

१ जानेवारी २०२५ पासून टेक्सासमध्ये खासगी गाडीची वार्षिक सेफ्टी तपासणी बंद झाली. पैसे मात्र सुटले नाहीत. रजिस्ट्रेशनच्या वेळी साडेसात डॉलर भरावेच लागतात, नव्या कोऱ्या गाडीला दोन वर्षांचे मिळून १६.७५.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या मराठी घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथल्या काउंटींमध्ये धुराची चाचणी अजून आहे. २ ते २४ वर्षं जुनी पेट्रोलची गाडी त्यात पास व्हावी लागते. १९९६ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला, यंत्र जोडतात. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर नापास. आदल्या दिवशी बॅटरी काढून दिवा घालवायची युक्ती चालत नाही, कारण गाडीच्या स्वयंतपासणीच्या नोंदीही पुसल्या जातात आणि २००१ पासूनच्या गाडीत अशी एकच नोंद अपुरी असलेली चालते. त्या भरून यायला थंड इंजिनपासून सुरुवात करून, शहरात आणि हायवेवर, काही दिवस गाडी चालवावी लागते.

टायर आणि ब्रेक आता आपल्यालाच बघायचे आहेत. मला हा बदल चुकीचा वाटतो, कारण झिजलेला टायर पावसात शेजारच्या लेनमधल्या माणसालाही नडतो. एक सेंटचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत घाला. डोक्याचा वरचा काठ दिसला, तर खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, टायर बदला. पुढची चाकं पूर्ण वळवून आतली कडही बघा. अलाइनमेंट बिघडली की बऱ्याचदा तीच आधी झिजते आणि बाहेरून टायर धडधाकट दिसतो.