मामा, ही तोफ खरंच उडते का रे?

लहानपणी डिसेंबर लागला की आम्हा भाचेमंडळींना एकच नाद, नेव्ही वीकला जहाजं बघायला जायचं. टायगर गेटबाहेर ती मारुतीच्या शेपटासारखी रांग, डोक्यावर ऊन, हातात भेळेचा पुडा, आणि बरोबर मामा. मामा डॉकयार्डात फिटर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी परत कामाच्याच जागी जायचा त्याला भयंकर कंटाळा यायचा, पण आमच्यापुढे त्याचं काही चालायचं नाही.

जहाजावर चढलो की मी थेट पुढच्या डेकवरच्या तोफेकडे. करडा रंग दिलेली टोपीसारखी घुमटी आणि त्यातून बाहेर आलेली नळी. मी विचारलं, मामा, ही तोफ खरंच उडते का रे? तर म्हणाला, "ती टोपी आहे बाळा. तोफ खाली आहे." मग ओळखीच्या एका नाविकाला सांगून त्याने मला एक झाकण उघडून दोन मिनिटं खाली डोकावू दिलं. आत अरुंद उभी शिडी, गोळे वर चढवायचा पाळणा, भिंतीला गोळे ठेवायचे रिकामे खण (गोळे अर्थातच आधीच काढून ठेवलेले), आणि ग्रीसचा असा घमघमाट की घरी आल्यावर आईने शर्ट आधी मोरीत टाकायला लावला.

"तोफ खाली आहे" हे वाक्य तेव्हा डोक्यावरून गेलं. नंतर मोठेपणी जहाजी तोफांबद्दल वाचायचा छंद लागला तेव्हा कळलं की गेल्या दीडशे वर्षांची गोष्ट मामाने चार शब्दांत सांगून टाकली होती. आपण नळीकडे बघत बसतो, केवढी जाड, केवढी लांब, आणि जहाज जगतं की बुडतं ते ठरतं नळीच्या मागे, खाली आणि वर काय चाललंय त्यावर.

सुरुवात थंडररपासून करतो. 1879 चा जानेवारी, एचएमएस थंडरर नावाचं ब्रिटिश जहाज मार्मारा समुद्रात गोळीबाराचा सराव करत होतं. एकेक तोफ 38 टनांची, आणि तरी तोंडातून भरायची, म्हणजे दारू आणि गोळा दोन्ही नळीच्या पुढच्या तोंडातून आत ढकलायचं. ते काम माणसांच्या हातून होण्यासारखं नव्हतंच, त्यासाठी पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र होतं. टरेटमधल्या (टरेट म्हणजे तोफा बसवलेली फिरती घुमटी) दोन तोफा एकदम उडवल्या, त्यातली एक उडालीच नाही, आणि दुसरीच्या दणक्यात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. यंत्राने दोन्हींत परत दारू-गोळा भरला. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुसका निघाला म्हणून जवळ जाऊन परत वात लावायची, असला तो प्रकार. पुढच्या वेळी ती दुहेरी भरलेली तोफ फुटली, 11 माणसं गेली. चौकशीत हेच कारण निघालं, पण बऱ्याच जणांना ते पटेना, म्हणून तिची जोडीदार तोफ काढून वूलविचच्या सरकारी तोफ कारखान्यात नेली, मुद्दाम दोनदा भरली आणि उडवली, ती पण तशीच फुटली!! मागून भरायच्या तोफेत हे होऊच शकत नाही, आधीचा गोळा आत असेल तर दुसरा जाणार कुठे. ब्रिटिश नौदल तोवर मागून भरायच्या तोफांना नाकं मुरडत होतं, या अपघातानंतर मात्र हळूहळू त्यांना तिकडे वळावं लागलं.

आता नेम. जमिनीवरच्या तोफेचं गणित त्यामानाने सोपं, तोफ जागेवर उभी असते. समुद्रावर मात्र धावत्या एसटीच्या टपावर उभं राहून समोरून तिरकी जाणाऱ्या दुसऱ्या एसटीवर दगड मारायचा, आणि रस्त्याला खड्डे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लांबवर टाकलेला गोळा पडायला अर्धा मिनिट तरी लागायचा, तेवढ्यात 20 नॉटने जाणारं जहाज तीनशे मीटर पुढे गेलेलं असायचं. म्हणजे जहाज दिसतंय तिथे मारून उपयोगच नाही, ते असेल तिथे मारायचं.

पर्सी स्कॉट नावाचा एक खटपट्या ब्रिटिश कॅप्टन होता, वरिष्ठांशी भांडण्यात पण पटाईत. जहाज डुलतंय म्हणून बहुतेक गोलंदाज डुलण्याच्या ठराविक क्षणाची वाट बघत बसायचे. स्कॉटच्या लक्षात आलं की त्याच्या स्किला जहाजावर एक पठ्ठ्या डुलण्याबरोबर तोफ सतत खाली-वर करत दुर्बिणीत निशाण पकडून ठेवतोय. मग त्याने सगळ्यांना तेच शिकवलं, सरावाची यंत्रं स्वतः बनवली, आणि 1899 मध्ये स्किलाने 70 पैकी 56 गोळे निशाणावर मारले. बाकीच्या नौदलाला आधी ते खरंच वाटेना.

पण स्कॉटचं मोठं काम पुढचं, ते म्हणजे डायरेक्टर. प्रत्येक टरेटमधल्या माणसाने आपापला नेम धरण्यापेक्षा उंच डोलकाठीवर धुराच्या वर एक माणूस बसवायचा, तो एकटाच नेम धरणार, त्याच्या दुर्बिणीचा कोन विजेच्या तारांनी खाली सगळ्या टरेटना कळणार, आणि बटण पण तोच दाबणार. खालच्यांनी फक्त काट्यावर काटा जुळवायचा. 1912 मध्ये याची चाचणी झाली, डायरेक्टर बसवलेलं जहाज विरुद्ध तसंच पण डायरेक्टर नसलेलं ओरायन. डायरेक्टरवाल्याने कितीतरी पट जास्त गोळे मारले. आणि त्या जहाजाचं नाव काय असावं? थंडरर. जुनं नव्हे, त्याच नावाचं नवं.

मधे 1906 चं ड्रेडनॉट येतं, ते सगळ्यांना माहीत असतंच, दहा 12 इंची तोफा, स्टीम टर्बाइन, आणि एका दिवसात जगातली बाकीची सगळी युद्धजहाजं जुनी. त्यावर ढिगाने लिहून झालंय, मी पुढे जातो.

पुढे म्हणजे जटलंडची लढाई, ब्रिटिश विरुद्ध जर्मन नौदल, 31 मे 1916. इथे मामाचं "खाली" परत येतं. दुपार ते संध्याकाळ एवढ्या वेळात इनडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल ही तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, पण वेगासाठी चिलखत कमी केलेली जहाजं) स्फोट होऊन फुटली, तिन्हींवरची मिळून 3,300 च्या आसपास माणसं गेली, वाचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चिलखत पातळ होतं हे खरंच, पण खरा घात दारूच्या हाताळणीने केला. दारू म्हणजे कॉर्डाइट, रेशमी पिशव्यांत भरलेलं. टरेट ते खालचं कोठार या वाटेवर ज्वाला खाली जाऊ नये म्हणून दारं असतात. पण प्रत्येक फेरीला दार उघडा, लावा, यात वेळ जातो, आणि त्यांना भराभर गोळे टाकायचा सोस. मग दारं उघडी ठेवली, पिशव्या वाटेतच रचून ठेवल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याच्या फायर डोअरला वीट लावून ठेवतात ना, सारखं ढकलायला नको म्हणून, तेच. टरेटवर एक गोळा बसला की ज्वाला सरळ कोठारात.

जर्मन काही जन्मजात शहाणे नव्हते. वर्षभर आधी डॉगर बँकच्या लढाईत त्यांच्या झायडलिट्झच्या मागच्या दोन टरेटमध्ये हेच झालं होतं, दीडशेच्या वर माणसं जळाली, कोठारात पाणी सोडलं म्हणून जहाज वाचलं. त्यांनी तिथून धडा घेतला, शिवाय त्यांची मुख्य दारू पितळी नळकांड्यात असायची. जटलंडला झायडलिट्झने बेदम मार खाल्ला पण घरी पोचलं. ब्रिटिशांचं लायन पण थोडक्यात वाचलं, तिथे मरीन्सचा मेजर हार्वी स्वतः मरणाच्या दारात असताना कोठारात पाणी सोडायचा हुकूम देऊन गेला.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत नळ्यांचा आकार हाताबाहेर गेला होता. जपानच्या यामातोची नळी 46 सेंटीमीटरची, एक गोळा 1,460 किलोचा, म्हणजे आपल्या दोन ऑल्टो गाड्या बांधून 40 किलोमीटर फेकायच्या. आणि एप्रिल 1945 मध्ये त्या यामातोला विमानांनी बुडवलं. पण मला त्याच काळातली एक छोटी चीज जास्त आवडते. अमेरिकनांनी गोळ्याच्या टोकात इवलासा रेडिओ बसवला, विमानाजवळून जाताना गोळा आपला आपण फुटायचा, थेट लागायची गरजच नाही. तोफेतून सुटतानाच्या हिसक्यात त्या रेडिओतली काचेची नळकांडी टिकवली कशी हे मला अजून आश्चर्य वाटतं.

आता आपल्या मुंबईत येतो, कारण मामाचं आवडतं जहाज इथलंच. 13 डिसेंबर 1939, दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटची लढाई. जर्मन युद्धजहाज ग्राफ श्पेकडे 28 सेंटीमीटरच्या सहा तोफा, 300 किलोचा गोळा. समोर तीन ब्रिटिश बाजूची क्रूझर, त्यातल्या अकिलीसच्या 6 इंची तोफांचा गोळा जेमतेम 50 किलोचा. लढाईत ग्राफ श्पेच्या गोळ्याच्या चिंधड्या अकिलीसच्या डायरेक्टरमध्ये घुसल्या, आतली माणसं गेली, कॅप्टन पॅरी यांच्या पायालाही लागलं. म्हणजे जहाजाच्या डोळ्यावरच घाव. तरी जहाज मारत राहिलं, पाठ सोडली नाही, आणि चार दिवसांनी ग्राफ श्पेने माँटेव्हिडिओबाहेर स्वतःलाच बुडवून घेतलं. हे अकिलीस 1948 मध्ये भारताने घेतलं आणि तेच झालं आपलं दिल्ली. त्याच वर्षी भारतीय नौदलाचे प्रमुख म्हणून कोण आले? तेच पॅरी. पुढे या लढाईवर ब्रिटिशांनी सिनेमा काढला तेव्हा अकिलीसचं काम आपल्या दिल्लीनेच केलं, आता बोला.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी याच दिल्लीने दीवच्या किल्ल्यावर 6 इंची गोळे टाकले. आणि मुरगावच्या बंदरात बेटवा आणि बियास या आपल्या नव्या फ्रिगेट विरुद्ध पोर्तुगीजांचं अफोन्सो द अल्बुकर्क. तो सामना बघण्यासारखा, म्हणजे नळ्या मोजल्या तर फारसा फरक नाही, त्यांच्या 120 मिलिमीटरच्या चार, आपल्या प्रत्येक जहाजावर साडेचार इंची चार. पण अल्बुकर्क 1930 च्या दशकातलं, आणि आपल्या तोफांमागे रडार. पाऊण तासाच्या आत त्यांचा कॅप्टन आरागाओ जबर जखमी, आणि जहाज बांबोळीच्या किनाऱ्यावर नेऊन चढवलं. माझ्या माहितीतली आपल्या नौदलाची अशी जहाज-विरुद्ध-जहाज तोफांची झुंज हीच. बांबोळीला गेलो की मी समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, बरोबरची माणसं वैतागतात.

कारण त्यानंतर सहाच वर्षांत इजिप्तच्या छोट्या बोटींनी क्षेपणास्त्रं मारून इस्रायलचं आयलात हे युद्धजहाज बुडवलं, 1971 मध्ये आपल्या मिसाईल बोटींनी कराचीला तेच केलं, आणि सगळे म्हणायला लागले की तोफ संपली. संपली नाही. फॉकलंडला 1982 मध्ये ब्रिटिश जहाजांनी साडेचार इंचीने किनाऱ्यावर हजारो गोळे टाकले. उलट अमेरिकेने झुमवॉल्ट नावाच्या नव्या युद्धजहाजावर 155 मिलिमीटरची अतिहुशार तोफ बसवली, तिचा एकेक गोळा आठ लाख डॉलरच्या घरात गेला, म्हणून 2016 मध्ये गोळेच घ्यायचे नाहीत असं ठरलं. तोफ होती, गोळा नव्हता. लग्नाला हॉल बुक केला आणि नवरदेवच परवडला नाही!

आज आपल्या बऱ्याच जहाजांवर दिसते ती इटालियन घराण्यातली 76 मिलिमीटर, हरिद्वारच्या भेलमध्ये बनते. गोळा साधारण सहा किलोचा, मिनिटाला 120. टोपीच्या आत माणूस नाही. खाली गोळ्यांचं चक्र फिरतंय, वर रडार बघतंय, बस. मार्च 2024 मध्ये लाल समुद्रात इटलीच्या काइओ दुइलिओ या जहाजाने याच जातीच्या तोफेने ड्रोन पाडलं, तेव्हा मी मामाला फोन केला. आता तो ऐंशीच्या पुढे, कानाने थोडा अधू, मला सगळं ओरडून दोनदा सांगावं लागलं, की मामा, आत कोणी नसतं, आपोआप भरते, आपोआप नेम धरते, आपोआप उडते.

तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "ते ठीक आहे रे. पण तिला ग्रीस कोण करतं?"