तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या कुत्र्याची जागा आधी, तुमचं तिकीट नंतर

‘कुत्रा मोठा आहे, आमची तिकिटं काढून झाली आहेत, आता त्याला विमानातून कसं न्यायचं?’ प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो आणि खरी अडचण त्यातल्या मधल्या वाक्यात असते. लहान कुत्र्याच्या बाबतीत तिकीट आधी काढलेलं चालून जातं, कारण पिशवीसकट सात-आठ किलोपर्यंतचा कुत्रा बऱ्याच कंपन्या सीटखाली नेऊ देतात. तीस-चाळीस किलोच्या कुत्र्याचं गणित उलट्या बाजूने सुटतं. कुत्र्याच्या मापावरून पिंजरा ठरतो, पिंजऱ्यावरून विमान, विमानावरून कंपनी आणि तारीख. तुमची सीट सगळ्यात शेवटी.

तेव्हा सुरुवात टेपने करा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम काढते आणि बहुतेक कंपन्या तेच मानतात. त्यात चार मापं घ्यायला सांगितली आहेत. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांपाशी सर्वांत रुंद जागी रुंदी, आणि कुत्रा सहज उभा असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा कानांच्या टोकापर्यंत, यांतलं जे वर असेल तिथपर्यंत उंची. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक खाली अंथरलेल्या गादीची जाडी. चपट्या नाकाच्या जातींसाठी यात आणखी दहा टक्के धरायचे.

उदाहरण घेऊ. लांबी 100 सेंमी, कोपर 34, खांदे 27, कानांपर्यंत 76. म्हणजे आतून किमान 117 लांब, 54 रुंद आणि गादी धरून 78-79 उंच पिंजरा हवा. ‘एक्स्ट्रा लार्ज’ म्हणून विकला जाणारा नेहमीचा पिंजरा बाहेरूनच 102 × 69 × 76 भरतो. तो लांबीतही बसत नाही आणि उंचीतही. त्याच्या पुढचा, ‘700 सिरीज’ नावाने मिळणारा पिंजरा साधारण 122 × 81 × 89 असतो. दुकानदार पिंजऱ्यावर लिहिलेला किलोचा आकडा दाखवतील. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. काउंटरवरचा माणूस कुत्रा उभा राहतो का, कान छताला टेकतात का आणि त्याला वळता येतं का, एवढंच बघतो. कान टेकले की कुत्रा परत, आणि त्याच्याबरोबर बहुतेक वेळा तुम्हीही.

आता हा पिंजरा विमानात शिरायला हवा. बोइंग 737 च्या पोटातल्या सामानाच्या दाराची उंची जेमतेम 85 ते 90 सेंमी असते. 89 सेंमीचा पिंजरा तिथे एक तर जातच नाही किंवा कंपनी तो घेत नाही, आणि आडवा करून कुत्र्याचा पिंजरा आत सारता येत नाही. एअरबस 320 चं दार बरंच उंच आहे. रुंद बुडाच्या विमानांत, म्हणजे 777, 787, ए350 यांत, दाराचा प्रश्न सहसा येत नाही. म्हणून कंपनीला ‘कुत्रा नेता का?’ असं विचारून भागत नाही. पिंजऱ्याचं बाहेरचं माप, पिंजऱ्यासकट वजन आणि जात सांगून ‘अमुक उड्डाणावर, अमुक विमानात हा पिंजरा घ्याल का?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जोड-उड्डाण असेल तर प्रत्येक टप्प्याचं विमान वेगळं विचारा. पहिलं मोठं, दुसरं छोटं, आणि कुत्रा मधल्या विमानतळावर अडकलेला, हा प्रकार अपवादात्मक नाही. उड्डाणाच्या आदल्या दिवशी विमान बदललेलं नाही ना, याचीही खात्री करा.

नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तुमच्याच उड्डाणावर चेक-इन सामान म्हणून. हा सोपा आणि बहुधा स्वस्त, पण कित्येक कंपन्या पिंजऱ्यासकट 32 किलोच्या वर घेत नाहीत, आणि मोठ्या कुत्र्याचा नुसता पिंजराच दहा-पंधरा किलोंचा असतो. दुसरा मार्ग कार्गो, म्हणजे मालवाहतूक: वेगळं एअर वेबिल (मालाची वाहतूक-पावती), वेगळं टर्मिनल, बहुधा एजंट. काही देशांत, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, विमानाने येणारा पाळीव कुत्रा सर्वसाधारणपणे कार्गोनेच उतरतो. तिथे निवड तुमच्या हातात नसते. कार्गोचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारावरचं वजन, या दोन्हींत जे जास्त असेल त्यावर लागतं. आकारावरचं वजन म्हणजे सेंटिमीटरमधला लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले 6000. वरच्या मोठ्या पिंजऱ्याचे जवळपास 147 किलो होतात, मग आत कुत्रा तीसचा असो की साठचा. म्हणून ‘ऐसपैस असू दे’ म्हणत दोन मापं मोठा पिंजरा घेणं अंगाशी येतं.

पिंजरा परत पाठवला जाण्याची कारणं अगदी फुटकळ असतात. वरचा आणि खालचा भाग प्लास्टिकच्या क्लिपांनी नाही, धातूच्या नट-बोल्टांनी जोडलेला हवा. चाकं असतील तर काढलेली हवीत. घडीचा तारेचा पिंजरा चालत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला चारही बाजूंनी हवा खेळायला हवी. पाण्याचं आणि खाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं, पण दार न उघडता बाहेरून भरता येईल असं. ‘जिवंत प्राणी’ या अर्थाची इंग्रजी लेबलं, अक्षरं किमान अडीच सेंमी उंच, शिवाय वरची बाजू दाखवणारे बाण. लाकडी पिंजरा बनवून घेतलात तर लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे ना, ते बघा. नसेल तर पोचण्याच्या ठिकाणी अडवतात. अंथरायला शोषून घेणारी गादी चालते, गवत-पेंढा नाही, कारण बऱ्याच देशांत त्याला बंदी आहे. दोन मोठे कुत्रे एका पिंजऱ्यात कधीच चालत नाहीत.

पिंजरा दोन-तीन महिने आधी घरात आणा, दार काढून ठेवा, जेवण आत द्या. मग दार बसवून काही मिनिटं, पुढे तासभर, शेवटी रात्रभर. कुत्रा ज्या पिंजऱ्यात आपणहून झोपतो, त्यात तो विमानातही सहसा झोपतो. हे न करता गुंगीच्या गोळीवर भिस्त ठेवणारे पुष्कळ असतात. गोळी देऊ नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते, तोल जातो, आणि तिथे नाडी बघायला कोणी नसतं. गुंगीत दिसणारा कुत्रा कंपन्या घेतही नाहीत.

विमानाच्या पोटातल्या कप्प्याची भीती मात्र जरा जास्तच पसरलेली आहे. कुत्रे ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनसारखाच असतो आणि तापमानही सांभाळलं जातं. धोका जमिनीवर असतो, विमानाशेजारी उन्हात पिंजरा उभा असतो तेव्हा. म्हणूनच साडेएकोणतीस अंशांच्या वर तापमान गेलं तर बऱ्याच कंपन्या कुत्रा नाकारतात. उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं, थेट उड्डाण घ्या. बुलडॉग, पग, बॉक्सर यांना श्वासाची आधीच अडचण असते. बऱ्याच कंपन्या त्यांना मुळीच नेत नाहीत आणि आमच्या मते ते योग्यच आहे.

कागदपत्रांत तारखांचा क्रम चुकतो. युरोपीय संघासाठी आधी 15 अंकी मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस. उलट झालं तर ती लस धरत नाहीत. ज्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना रक्तातल्या रेबीज-प्रतिपिंडांची तपासणी लागते, त्यांचं रक्त लसीनंतर किमान 30 दिवसांनी घ्यायचं, निकाल 0.5 आययू प्रति मिली किंवा वर हवा, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. जपानसाठी हीच वाट 180 दिवसांची. थोडक्यात, परदेशात न्यायचं असेल तर सहा-सात महिने आधी पशुवैद्याकडे जा. आरोग्य प्रमाणपत्र मात्र शेवटच्या काही दिवसांतलंच लागतं, ते लवकर काढून उपयोग नाही.

निघायच्या दिवशी शेवटचं जेवण हलकं आणि काही तास आधी. पाणी तोडू नका. दाराला अडकवायच्या भांड्यात आदल्या रात्री बर्फ गोठवा, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि नंतर वितळत राहतं. विमानतळावर शिरण्यापूर्वी लांब फेरी. सुरक्षा तपासणीत कुत्र्याला बाहेर काढायला लावतात आणि पिंजरा वेगळा तपासतात, त्यामुळे दाराच्या झिप टाय (दार पक्कं बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) त्यानंतरच घाला. जास्तीच्या चार-पाच जवळ ठेवा. पट्टा पिंजऱ्यात सोडू नका, तो अडकतो.

झिप टाय कापायची कात्री चेक-इन बॅगेत. उतरल्यावर दार लगेच सताड उघडू नका. बंद खोलीत किंवा गाडीत, दार फटभर उघडून आधी पट्टा अडकवा, मगच कुत्र्याला बाहेर येऊ द्या. घाबरलेला कुत्रा विमानतळावर सुटला तर सापडणं कठीण. पहिल्यांदा पाणी थोडं थोडं द्या, जेवण एक-दोन तासांनी.